गुलाल, केक आणि डॉल्बी: पार्टीचे रफ कपडे कसे जमवायचे

सांगली-मिरजेत नाहीतर साताऱ्यात हॉस्टेलवर पहिल्यांदा राहायला येणारी मुलं बॅगेत सगळं आणतात. चार बरे शर्ट, दोन जीन्स, आईनं घडी घालून दिलेला स्वेटर. खराब झालं तर वाईट वाटणार नाही असं एकही कापड मात्र त्यात नसतं. मग महिनाभरात कुणाचा तरी वाढदिवस येतो, रात्री बाराला दार वाजतं आणि अंडं फुटतं ते दिवाळीच्या शर्टावर.

घरी ‘जुनं काहीतरी घाल’ म्हणून भागतं, कारण घरी जुनं असतं. हॉस्टेलवर ते मुद्दाम जमवावं लागतं. आणि जमवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: खराब झालं तरी चालेल असं कापड वेगळं, आणि कसलंही चालेल ते वेगळं. विरलेला शर्ट डॉल्बीसमोर हात वर केल्या केल्या काखेत फाटतो. शेकोटीजवळ चुकीच्या धाग्याचं जॅकेट चटका देतं. रफ कपडा स्वस्त असावा, पण निवडलेला असावा.

आधी वर्षाचा अंदाज घ्या

या भागात कपडे खराब होण्याचे प्रसंग ठरलेले आहेत. पावसाळ्यात फ्रेशर्स आणि वाढदिवस: केक, अंडी, पीठ, कोल्ड्रिंक. भाद्रपदात गणपती: गुलाल, घाम आणि वरून पाऊस. तासगावचा रथोत्सव ऋषिपंचमीला असतो, तिथं गेलात तर गुलालानं माखूनच परत याल. मिरजेची विसर्जन मिरवणूक स्वागतकमानींच्या खालून दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यामुळे एकच जोड रात्रभर अंगावर राहतो. थंडीत रानातल्या पार्ट्या आणि हुरडा. फाल्गुनात रंग. शेवटी सेंडऑफ, आणि मधल्या लग्नसराईत मित्रांच्या हळदी.

विदर्भातून आलेल्यांसाठी खास सूचना: तुमच्याकडे धुळवडीला रंग खेळतात, इकडे मुख्य खेळ रंगपंचमीला. धुळवडीला इकडच्या घरांत मटण शिजतं. त्या दिवशी रफ कपडे घालून खोलीबाहेर पडलात तर कोरडेच परत याल, आणि चार दिवसांनी चांगल्या कपड्यांत सापडाल.

किती आणि काय

वर्षाला दोन जोड पुरतात. एक ‘ओला’ जोड, म्हणजे रंग, गुलाल, केक यांचा. दुसरा ‘रात्रीचा’, म्हणजे जॅकेट धरून थंडीच्या पार्ट्यांचा. दोन्ही मिळून पाचशे-सहाशे रुपयांच्या वर खर्च जाऊ देऊ नका. त्याच्या वर गेलं की तो कपडा जपावासा वाटतो आणि रफचा उद्देशच संपतो.

ओल्या जोडात एक शर्ट किंवा टी-शर्ट, एक गडद पँट, आतले जुने कपडे, पट्ट्यांचे सँडल. पांढरा शर्ट फोटोत छान दिसतो, पण भिजला की आरपार दिसतो. मुलींनी गडद छापील सुती कुर्ता घ्यावा आणि आत दुसरा थर ठेवावा. ओढणी नकोच. गर्दीत ओढली जाते, शिवाय विसर्जनाच्या ट्रॅक्टरच्या चाकाजवळ लोंबतं कापड फार वाईट. जीन्स टाळा. भिजली की जड होते, मांड्या घासतात आणि हॉस्टेलच्या दोरीवर पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. जुनी ट्रॅक पँट बरी, मात्र कमरेला नुसतं इलॅस्टिक नको, नाडी हवी. ओली पँट इलॅस्टिकवर टिकत नाही, आणि मित्र ती खाली ओढायची संधी सोडत नाहीत.

पायात रबरी स्लीपर घालून डॉल्बीसमोर जाऊ नका. गर्दीत मागच्याचा पाय टाचेवर पडतो, स्लीपर मागे राहते आणि रस्त्यावर नारळाच्या करवंट्यांपासून काचेपर्यंत सगळं असतं. कोल्हापुरी चप्पल तर चुकूनही नको, चामडं भिजलं की ती गेली.

कुठून आणायचे

पहिली जागा म्हणजे घर. सुट्टीला गेलात की बोहारणीसाठी बांधून ठेवलेलं गाठोडं सोडा. भांडं मिळण्याआधी त्यातले दोन शर्ट आणि वडिलांची एक पँट बाजूला काढा. वडिलांचे जुने ऑफिसचे शर्ट या कामाला उत्तम: घट्ट विणीचं कापड, कापून शिवलेले, थोडे सैल. नवीन स्वस्त टी-शर्टपेक्षा ते जास्त टिकतात.

दुसरी जागा, फुकटचे टी-शर्ट. निवडणूक, शिबिर, टूर्नामेंट, साताऱ्याची हिल मॅरेथॉन, कुठूनही येतात. यातले बरेच पातळ पॉलिस्टरचे असतात, त्याचा तोटा पुढे येईल. एक पथ्य मात्र कडक पाळा. छातीवर महाराजांचं चित्र, देवाचं नाव किंवा कुठल्या महापुरुषाची प्रतिमा असलेला टी-शर्ट रफमध्ये घेऊ नका. त्यावर अंडं फुटलं किंवा तो चिखलात पडला तर वाद तुमच्यावर येतो, आणि तो रास्त असतो. पक्षाच्या चिन्हाचा टी-शर्टही दुसऱ्या गल्लीच्या मिरवणुकीत घालू नये. उलटा करून घाला, नाहीतर ठेवून द्या.

तिसरी जागा बाजार. सांगलीच्या शनिवारच्या बाजारात जमिनीवर ढीग लावून बसणारे असतात, आणि मंगल कार्यालयांत ‘कोणताही शर्ट एकच भाव’चे सेल लागतात. इचलकरंजी आणि विटा ही यंत्रमागांची गावं जवळच असल्यानं इकडे साधं सुती कापड सहज मिळतं. ढिगातून शर्ट शंभर-दीडशेच्या आत आणि पँट दोनशेच्या आत पडायला हवी. बाजार उठायच्या वेळेला गेलात तर भाव उतरतो, पण मापं संपलेली असतात. डबल एक्सेल तेवढे उरतात. रफसाठी एक माप सैल चालतं, दोन मापं सैल असेल तर बाही कशात तरी अडकते.

ढिगासमोर उभं राहून काय बघायचं

शर्ट आतून उलटा करा आणि काखेची शिवण बघा. चांगल्या शर्टाला इंचाला दहा-बारा टाके असतात, ढिगातल्या शर्टाला सहा-सात. टाके लांब असले की नाचताना धागा ताणला जातो आणि एक तुटला की शेजारचे सुटत जातात. दोन्ही हातांनी शिवणीच्या दोन बाजू धरून हलकं ओढा. मधून उजेड दिसला तर तो शर्ट एका रात्रीचा. पँटचं हेच, फक्त जागा बैठकीची. बसताना ती आधी उसवते.

म्हणून विकत आणलेलं कापड थेट अंगात न घालता गल्लीतल्या टेलरकडे न्या आणि सांगा, “काका, काखेत आणि बैठकीत डबल टीप मारून द्या.” पाच मिनिटांचं काम आहे. त्याच फेरीत पँटला आतून एक चोरखिसा लावून घ्या: कमरपट्टीच्या खाली, पुढच्या बाजूला, हाताच्या चार बोटांएवढा, वर छोटी चेन. मोबाइल त्यात मावत नाही आणि मावूही नये. खोलीची किल्ली आणि घडी घातलेल्या दोन नोटा, एवढंच. नोटा प्लास्टिकच्या पुडीत गुंडाळा. मिरवणुकीत मोबाइल न्यायचाच असेल तर गळ्यातली पाणीबंद पिशवी शर्टाच्या आत घाला, बाहेर नको.

सुती की पॉलिस्टर

इथं थोडं थांबायला हवं, कारण बहुतेकांची गडबड याच ठिकाणी होते.

सुती धागा पाणी पितो आणि पाण्यासोबत रंगही पितो. रंगपंचमीचा गुलाबी सुती शर्टावरून पूर्ण जाणं कठीण. पॉलिस्टर पाणी धरत नाही, त्यामुळे पाण्यातला बराचसा रंग वरच राहतो आणि धुतल्यावर निघतो. शिवाय ते दोरीवर तासाभरात वाळतं. एवढं ऐकून लोक पॉलिस्टर घेतात. पण ठिणगी लागली की सुती कापड जळतं आणि राख होऊन गळतं, पॉलिस्टर वितळतं. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो आणि भाजल्याची जखम खोल जाते. होळी, शेकोटी, फटाके, केकवरचं अनार, यातलं काहीही असेल तिथं पॉलिस्टर घालायचं नाही. नुसत्या रंगाला आणि पावसातल्या मिरवणुकीला चालेल, पण पाठीवर घाम साठून अंग चिकचिकतं ते सोसावं लागेल.

ढिगातल्या कपड्यावर लेबल नसतं, असलं तरी खरं असेलच असं नाही. ओळखायचं असं. खालच्या दुमडीतून एक लांब धागा ओढून काढा. मोकळ्या जागेत, फरशीवर, चिमट्यात धरून काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि बोटानं चुरता येईल अशी करडी राख उरते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी तयार होतो. दोन्ही दिसलं, म्हणजे राखही आणि कडक कणही, तर कापड मिश्र. मिश्र कापडाला आगीजवळ पॉलिस्टरच समजा. कपड्यालाच काडी लावून बघू नका, धागा काढूनच बघा.

वाढदिवसाबद्दल इथंच सांगून टाकतो. फेस उडवणाऱ्या स्प्रेच्या डब्यात ढकलणारा वायू बहुधा ज्वलनशील असतो. केकवर मेणबत्ती पेटलेली असताना कुणी स्प्रे मारला तर फेसासकट भडका उडतो आणि तो कपड्यावर येतो. क्रम साधा आहे: आधी मेणबत्ती विझवा, बाजूला करा, मग काय तो धिंगाणा. वाढदिवस ज्याचा आहे त्याच्या अंगात सुती शर्ट असावा, आणि खोलीत पाण्याची भरलेली बादली असावी. बादली नंतर अंडी धुवायलाही लागतेच.

घालण्याआधी

नवीन स्वस्त कपडा पहिल्या घामात रंग सोडतो. गडद निळा किंवा मरून टी-शर्ट असेल तर गळ्यावर आणि आतल्या बनियनवर डाग पडतात. मग कुणीतरी सांगतं, मिठाच्या पाण्यात बुडव, रंग पक्का होतो. तसं होत नाही. कापड रंगवताना मीठ रंगाला धाग्यात जायला मदत करतं, पण रंगवून झालेल्या कापडावरचा सुटा रंग मीठ बांधून ठेवत नाही. उपाय एकच, सुटा रंग आधीच काढून टाकणं. वेगळ्या बादलीत, साबणाच्या पाण्यात, दोन-तीनदा धुवा, पाणी फिकट येईपर्यंत.

दुसऱ्याच्या अंगावरचा कपडा घेतला असेल तर आणखी एक पायरी. खरूज आणि नायटा कपड्यातून पसरू शकतात. सुती असेल तर कढत पाण्यात अर्धा तास बुडवा, पिळा आणि उन्हात दोन्ही बाजूंनी कडक वाळवा. कढत पाणी सोसणार नाही असं कापड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. नायट्याला मात्र ही पिशवी पुरत नाही, त्याला धुणं आणि ऊनच हवं. मित्राचा कपडा मागून घालण्याबद्दलही हेच. आणि मागून आणलेला कपडा रफ नसतो हे विसरू नका, तो धुऊन-इस्त्री करून परत द्यायचा असतो.

थंडीचं जॅकेट

अमेरिकेतल्या कॉलेजांत फ्रॅटर्निटी म्हणजे मुलांचे क्लब असतात, त्यांच्या घरी पार्ट्या होतात. तिथं कडाक्याच्या थंडीत घालून जायला हरवलं तरी चालेल असं स्वस्त जॅकेट ठेवतात आणि त्याला ‘फ्रॅकेट’ म्हणतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण कासच्या रस्त्याला किंवा महाबळेश्वरच्या बाजूला डिसेंबरात रात्री बसायचं तर जॅकेट लागतंच. आणि अडचण दोन्हीकडे सारखीच: आत गेल्यावर सगळी जॅकेटं एका खाटेवर पडतात, त्यातली निम्मी काळी असतात, आणि पहाटे जो आधी उठतो तो बरं बघून नेतो.

तर काळं घेऊ नका. विटकरी, मोरपंखी, पोपटी, जे कुणाला आवडणार नाही ते घ्या. चेनच्या सरकपट्टीला राखीचा किंवा देवाचा नव्हे, साधा जाड रंगीत दोरा बांधा. अंधारात बोटांना लागतो. कॉलरच्या आतल्या लेबलवर मार्करनं नाव न लिहिता खोली नंबर लिहा, परत आणून देणाऱ्याला तेवढं पुरतं. जॅकेटच्या खिशात किल्ली, पाकीट, इअरफोन काहीही ठेवायचं नाही. जॅकेट गेलं तर दोनशे रुपये गेले, किल्लीसकट गेलं तर रात्र गेली.

शेकोटीजवळ विंडचीटर आणि मऊ फ्लीस दोन्ही वाईट. ठिणगी पडली की नायलॉनला वाटाण्याएवढं भोक पडतं, फ्लीस चट्कन आक्रसतं. लोकरीचा जुना स्वेटर सगळ्यात बरा, लोकर सहजी पेट घेत नाही. आजोबांची घोंगडी मिळाली तर फारच छान, मात्र चांगली घोंगडी आता स्वस्त राहिलेली नाही, ती रफमध्ये धरू नका.

हुरड्याला किंवा रानातल्या पार्टीला स्वेटरवरून जुना सुती शर्ट चढवा. लोकर, फ्लीस, टी-शर्टचं विणलेलं कापड यांत कुसळं घुसतात आणि धुतल्यावरही टोचत राहतात. घट्ट विणीच्या गुळगुळीत शर्टावर ती टिकत नाहीत. उसाच्या फडातून वाट असेल तर पूर्ण बाह्या हव्यात, पात्याच्या कडेनं हातावर बारीक चिरा पडतात आणि घाम लागला की चुरचुरतात.

डाग: कशाला काय

गुलाल. कपडा पाण्यात टाकायच्या आधी कोरडाच झटका, मग मऊ ब्रश. बाजारातला बराचसा गुलाल म्हणजे स्टार्चची पूड आणि त्यात मिसळलेला रंग. झटकल्यावर यातला मोठा भाग निघून जातो, पाण्यात घातला की तो सगळा धाग्यात उतरतो. नंतर थंड पाणी, दोनदा, आणि मग साबण. गरम पाणी नाही. पावसात भिजून आलेला गुलाल मात्र पूर्ण जाणार नाही, त्यावर वेळ घालवू नका. मिरवणुकीत उडवतात त्या रंगीत कागदांचे ओले तुकडे शर्टावर चिकटून राहू देऊ नका. कागदाचा रंग उतरतो, आणि गुलालापेक्षा तोच चिवट निघतो.

हळद. हळदीचं गाव म्हणून सांगलीत हा डाग सगळ्यांना माहीत, तरी मित्राच्या लग्नाच्या हळदीहून आलेला शर्ट साबणात टाकल्यावर लाल झाला की पोरं घाबरतात. साबण अल्कलीधर्मी असतो आणि त्यात हळद लाल होते. खळबळून साबण काढला की परत पिवळी. घासत बसू नका. धुवा आणि डागाची बाजू वर करून कडक उन्हात टाका, भिजवून पुन्हा टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन-तीन दिवसांत बराच उडतो. आरेवाडीच्या बिरोबाच्या भंडाऱ्यालाही हेच लागू.

अंडं आणि केकचं क्रीम खरवडून काढा आणि थंड पाणी वापरा. गरम पाण्यात अंडं कापडावरच शिजतं. कोल्ड्रिंकचा डाग वाळल्यावर दिसत नाही म्हणून तसाच इस्त्री केला तर साखर करपून तपकिरी ठिपके उठतात, तेव्हा आधी साध्या पाण्यानं धुऊन घ्या. भडंगाचं तेल, मिसळीचा कट, रश्श्याचा तवंग याला भांडी घासायचं लिक्विड थेट डागावर, दहा मिनिटं. काळ्या मातीचा चिखल पूर्ण वाळू द्या, मग झटका. ओला चोळलात तर माती आत जाते.

चंदेरी-सोनेरी ऑइल पेंट लागलेला कपडा धुवायच्या भानगडीत पडू नका. आणि अंगावर लागला असेल तर रॉकेल किंवा थिनर नको, खोबरेल चोळा.

काहीही असो, हे कपडे हॉस्टेलच्या मशीनमध्ये टाकायचे नाहीत. तुमच्यानंतर ज्याचा पांढरा ॲप्रन त्यात जाईल, तो तुमची खोली शोधत येईल.

सेंडऑफचा शर्ट

हा एकच रफ कपडा जपून ठेवायचा असतो. पांढरा, सुती, बिनखिशाचा असेल तर उत्तम, लिहायला जागा मिळते. धुऊन खळ घाला आणि इस्त्री करा. खळ घातलेल्या कापडावर शाई कमी पसरते. लिहिताना आत पुठ्ठा सरकवा, नाहीतर पुढचं मागे उमटतं. परमनंट मार्करच वापरा, शाईपेनाची अक्षरं पहिल्या धुण्यात जातात. नंतर त्यावर सॅनिटायझर किंवा अत्तर उडू देऊ नका, त्यातल्या अल्कोहोलनं मार्कर विरघळतो.

कधी टाकायचा

काखेत दुसऱ्यांदा उसवला, नाडीची जागा फाटली किंवा धुऊनही वास जाईना, की संपला. बोहारीण फाटका कपडा घेत नाही. सुती असेल तर हातभर तुकडे करा, गाडी पुसायला आणि खोलीला लागतात. पॉलिस्टरनं पुसायला जाऊ नका, ते पाणी नुसतं इकडून तिकडे ढकलतं. विसर्जनाहून परतताना घाटावर ओले कपडे सोडून येणारे असतात, ते कृष्णेत जातात. पिशवी सोबत ठेवा आणि कपडे खोलीवर आणा. टाकण्याआधी बटणं, नाडी आणि चोरखिशाची चेन कापून डबीत ठेवा, पुढच्या जोडाला टेलरकाकांकडे तीच देता येते.